पटवून देणं की घोळात घेणं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नुकतेच टीमप्रमुख झालात. चौदा जणांच्या टीमला पुढचे सहा महिने आळीपाळीने सुट्टीच्या दिवशी काम करावं लागणार, हा निर्णय वर झालेला आहे. टीमला तो अजून माहीत नाही. तुमच्या वरिष्ठांचा सल्ला असा की ‘मीटिंग अशी घे, की ही कल्पना त्यांचीच आहे असं त्यांना वाटलं पाहिजे.’ शेजारच्या टीमचा प्रमुख म्हणतो, ‘नेतृत्व म्हणजे शेवटी गोड नावाखालचं मॅनिप्युलेशनच.’ तुम्हाला दोन्ही खटकतंय, पण का खटकतंय ते शब्दांत मांडता येत नाहीये.

पटवून देणं आणि घोळात घेणं यांच्यात जी रेषा आहे, वरिष्ठांनी सुचवलेली मीटिंग तिच्या पलीकडची आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं उत्तर लांबणार आहे आणि तुमची मीटिंग कदाचित त्याआधीच असेल.

मी बावीस वर्षं या कामात आहे. आधी स्वतः टीम चालवल्या, नंतर टीम चालवणाऱ्यांना बोलायला शिकवलं. या काळात फरक समजावण्यासाठी जी काही सूत्रं कानावर आली, त्यांपैकी बहुतेक सूत्रं पहिल्याच अवघड प्रसंगात गळून पडली. आपल्या भाषेने मात्र हा फरक कधीचाच करून ठेवलाय. ‘पटवणं’ आणि ‘पटवून देणं’ यांत केवढं अंतर आहे बघा. ‘त्याने साहेबांना पटवलं’ म्हटलं की ऐकणारा गालातल्या गालात हसतो. ‘त्याने साहेबांना पटवून दिलं’ म्हटलं की मुद्दे, आकडे, कागद डोळ्यांसमोर येतात. त्याखाली मग गळी उतरवणं, भरीस घालणं, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं, घोळात घेणं अशी उतरंडच लागते. पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं वाक्य अगदी साधं आहे: ‘मला पटलं.’ या वाक्यात पटवणारा कुठेच दिसत नाही. जे काही झालं ते ऐकणाऱ्याच्या आत झालं. नेत्याने त्यासाठी लागणारं सामान पुरवायचं, खरी कारणं, खरी किंमत, खरे पर्याय, आणि मग थांबायचं. आतलं ते घडण्याआधीच ‘हो’ काढून घेतला, तर ते मॅनिप्युलेशन.

ही व्याख्या सोपी वाटते, पण ती मान्य केली की तीन लाडक्या समजुती सोडाव्या लागतात.

पहिली समजूत हेतूची. ‘माझा हेतू चांगला होता ना, मग झालं.’ मला आजवर भेटलेल्या प्रत्येक मॅनिप्युलेटरचा हेतू, त्याच्या मते, चांगलाच होता. टीमचं भलं, कंपनीचं भलं, त्या माणसाचंच भलं. हेतू बोलणाऱ्याच्या मनात असतो. ऐकणाऱ्याच्या हाती येते ती फक्त माहिती. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराककडच्या महासंहारक शस्त्रांबद्दल भाषण केलं. त्या भाषणाचं वजन पॉवेल यांच्या स्वच्छ प्रतिमेमुळे होतं. भाषणाच्या मसुद्यातल्या काही दाव्यांवर त्यांच्याच खात्याच्या विश्लेषकांनी आधी शंका नोंदवल्या होत्या. काही दावे त्यानंतर गाळले गेले, काही राहिले. सभागृहात जे पोहोचलं त्यात शंकेला जागा नव्हती, होती ती खात्री. पुढे ती शस्त्रं सापडली नाहीत, आणि २००५ मध्ये पॉवेल यांनी स्वतःच ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग असल्याचं सांगितलं. त्या दिवशी त्यांचा स्वतःचा विश्वास किती होता यावर वाद घालता येईल. मला त्यातून एवढंच दिसतं की वक्ता प्रामाणिक असला तरी गाळलेली शंका ऐकणाऱ्याच्या पदरात पडत नाही. तुमच्या टीमपुढे तुम्ही ‘सहा महिनेच’ म्हणाल तेव्हा स्वतःला विचारा, हे सहा महिने कुणी ठरवलेत, आणि ते सात होणार नाहीत याची तुम्हाला स्वतःला किती खात्री आहे?

दुसरी समजूत भावनेची: आकडे दाखवले की नैतिक, भावनेला हात घातला की अनैतिक. हे मला कधीच पटलं नाही. ॲरिस्टॉटलने चोविसेक शतकांपूर्वी पटवून देण्याची तीन साधनं सांगितली, वक्त्याचं चारित्र्य, श्रोत्याची भावना आणि तर्क. त्यात भावनेला त्याने मागच्या दाराने आत घेतलेलं नाही. १३ मे १९४० रोजी विन्स्टन चर्चिल पंतप्रधान म्हणून पहिल्यांदा संसदेसमोर उभे राहिले आणि माझ्याकडे द्यायला रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम यांखेरीज काही नाही असं म्हणाले. याहून भावनिक वाक्य कुठलं असणार? पण त्या भावनेचा विषय खरा होता. किंमत मोठी होती आणि ती मोठीच सांगितली. भीती दाखवणं गैर नाही; खऱ्या धोक्याच्या मापाची भीती दाखवावी आणि ती दाखवून झाल्यावर विचाराला वेळ द्यावा. ‘हे आज केलं नाही तर सगळं संपेल’ असं म्हणून पाचव्या मिनिटाला हात वर करायला सांगणारा नेता भीतीचा उपयोग दार बंद करायला करतो. उलट, आकडे दाखवूनही लोकांना छान घोळात घेता येतं. आलेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी नव्वदपासून सुरू करून बघा, किरकोळ फरकही डोंगराएवढा दिसतो.

तिसरी समजूत तंत्राची. होकार मिळवण्याच्या तंत्रांची जी यादी प्रशिक्षणात शिकवतात, ती बहुतेक मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांच्या १९८४ च्या पुस्तकातून आलेली असते: परतफेड, बांधिलकी, इतरांचं अनुकरण, अधिकार, आवड, टंचाई. ही तंत्रं म्हणजेच मॅनिप्युलेशन, असं अनेकांना वाटतं. पण सुरीवरून सुरी धरणाऱ्याचा धंदा ओळखता येत नाही. ‘या प्रशिक्षणात तीनच जागा आहेत’ हे खरं असेल तर ती माहिती आहे, आणि न सांगणं हाच अन्याय ठरेल. जागा तीसही करता येत असताना ‘तीनच’ म्हटलं तर ती थाप आहे. वाक्य तेच.

बाजू निवडून मांडण्याचंही तसंच. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांचा १९८१ चा प्रयोग तुम्ही ऐकला असेल. सहाशे जणांच्या जिवावर बेतणारा एक साथीचा आजार आहे अशी कल्पना करायची. ‘दोनशे नक्की वाचतील’ असं मांडल्यावर ७२ टक्के लोकांनी जोखमीचा पर्याय सोडून तो खात्रीचा पर्याय घेतला. तोच पर्याय ‘चारशे नक्की मरतील’ असा मांडला तेव्हा फक्त २२ टक्क्यांनी. आकडा एकच, मांडणी वेगळी. यावरून काही जण निष्कर्ष काढतात की सगळंच बोलणं मॅनिप्युलेशन, कारण कुठल्यातरी चौकटीशिवाय वाक्यच तयार होत नाही. तुमच्या शेजारच्या टीमप्रमुखाचं म्हणणं साधारण हेच आहे. मला त्यातून उलटं दिसतं. चौकट टाळता येत नाही हे एकदा कळलं, की दोन्ही चौकटी समोर ठेवणं हातात उरतं. ‘दोनशे वाचतील, म्हणजे चारशे जातील.’ एवढं वाक्य बोलायला तीन सेकंद लागतात. ते ज्याला सुचत नाही त्याला शिकवता येतं. सुचूनही जो टाळतो, त्याला आपण काय टाळतोय ते ठाऊक असतं.

राहिला मुद्दा ‘विचार होऊ न देता हो मिळवण्याचा’. हे प्रत्यक्षात कसं चालतं याचं सगळ्यात स्वच्छ चित्र मला एलन लँगर यांच्या १९७८ च्या प्रयोगात दिसतं. झेरॉक्स मशीनपाशी उभ्या माणसाला कुणीतरी येऊन विचारायचं, मी आधी काढू का? पाच पानांसाठी नुसतं विचारलं तेव्हा ६० टक्के लोकांनी जागा दिली. ‘घाई आहे म्हणून’ म्हटल्यावर ९४ टक्के. आणि ‘मला झेरॉक्स काढायच्या आहेत म्हणून’, म्हणजे ज्यात कारण असं काही नाहीच, त्यालाही ९३ टक्के. हा भाग सगळे सांगतात आणि हसतात. पुढचा भाग फार थोडे सांगतात. पानं वीस असतील तेव्हा पोकळ कारणाचा काहीही उपयोग झाला नाही. नुसतं विचारलं तरी २४ टक्के, पोकळ कारण दिलं तरी २४. खऱ्या कारणाला मात्र ४२. मागणी किरकोळ वाटली तर माणूस कारण तपासत नाही. मोठी वाटली की तपासतो.

म्हणूनच मुरलेला मॅनिप्युलेटर कारणांवर फारशी मेहनत घेत नाही. तो मागणी लहान दाखवतो. ‘एखाददुसरा शनिवार.’ ‘तात्पुरतं आहे.’ ‘बघू जमतंय का.’ वीस पानं पाच पानांच्या कागदात गुंडाळायची. तुमच्या बाबतीत मागणी वीस पानांची आहे. सहा महिन्यांच्या सुट्ट्या म्हणजे कुणाची आजारी आई, कुणाचा अभ्यास, कुणाचा एकमेव मोकळा दिवस. ती वीस पानांसारखीच मांडा. लोक जास्त प्रश्न विचारतील. विचारू द्यात.

आता सत्तेकडे येते. विक्रेता आणि नेता यांच्यात एक फरक आहे, आणि प्रभाव कसा पाडावा याची बहुतेक शिकवण विक्रेत्यांकडून आलेली असल्याने तो नेहमी निसटतो. विक्रेत्याला ‘नाही’ म्हणून ग्राहक निघून जातो. तुम्हाला ‘नाही’ म्हणून तुमच्या टीममधला माणूस कुठे जाणार? सोमवारी पुन्हा तुमच्याच समोर बसणार. त्याचं अप्रेझल तुमच्या हातात, रजा तुमच्या हातात, पुढचं काम तुमच्या हातात. तुम्ही हे काहीही वापरणार नसलात तरी त्याला ते दिसत असतं. त्यामुळे जे वाक्य मित्राच्या तोंडी आग्रह ठरतं, ते तुमच्या तोंडी दबाव ठरतं. ‘मला तुझ्याकडून फार अपेक्षा आहेत’ हे वाक्य बरोबरीच्या सहकाऱ्याने म्हटलं तर कौतुक. तुम्ही म्हटलंत तर तो घरी जाऊन त्याचा अर्थ लावत बसतो.

२७ जानेवारी १९८६ ची रात्र या बाबतीत मी प्रत्येक वर्गात सांगते. नासाचं चॅलेंजर अंतराळयान दुसऱ्या दिवशी सकाळी उडणार होतं. थंडी कडाक्याची होती. रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांचं म्हणणं होतं की ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण करू नये, कारण जोडांमधल्या रबरी कड्या थंडीत नीट बसत नाहीत. कंपनीने फोनवरच्या बैठकीत नासाला तशी शिफारसही केली. नासाकडून जोरदार आक्षेप आले. एका अधिकाऱ्याने तर मग काय एप्रिलमध्ये उडवायचं का, अशा अर्थाचं विचारलं. कंपनीने आपापसांत बोलायला वेळ मागितला. त्या बंद दारामागच्या अर्ध्या तासाच्या चर्चेत वरिष्ठ अधिकारी जेरल्ड मेसन यांनी अभियांत्रिकीचे प्रमुख रॉबर्ट लंड यांना सांगितलं, इंजिनियरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. अखेरचं मत चार व्यवस्थापकांनी दिलं. ज्या अभियंत्यांना त्या कड्या माहीत होत्या, त्यांना विचारलं गेलं नाही. शिफारस फिरली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

त्या अर्ध्या तासात नवा पुरावा एकही आला नाही. कड्यांबद्दल कुणी धडधडीत खोटं बोलल्याचंही नाही. बदललं ते एवढंच: आधी प्रश्न होता, ‘उडणं सुरक्षित आहे हे दाखवा.’ तो झाला, ‘धोका आहे हे सिद्ध करा.’ आणि लंड यांच्याकडे निर्णयाची जी शक्ती होती, त्यांचं अभियांत्रिकीचं ज्ञान, तीच बाजूला ठेवायला सांगितलं गेलं. मराठीत ‘टोपी घालणं’ म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. तिथे टोपी बदलायला लावूनही तेच साधलं. कुणी म्हणेल हा सरळ दबाव होता, मॅनिप्युलेशन नव्हे. असेल. अधिकार हातात असला की या दोहोंमधली भिंत फार पातळ असते, आणि माझ्या अनुभवात बहुतेक नेते त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच मीटिंगमध्ये फिरून येतात.

स्वतःचा स्वार्थ झाकण्याबद्दल फार बोलत नाही, ते उघडच आहे. एनरॉनचे अध्यक्ष केनेथ ले यांनी २६ सप्टेंबर २००१ रोजी कर्मचाऱ्यांशी ऑनलाइन बोलताना कंपनीचा शेअर हा स्वस्तातला सौदा असल्याचं सांगितलं. त्या काळात ते स्वतः कोट्यवधी डॉलर्सचे शेअर कंपनीलाच परत विकत होते. अनेक कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजी त्याच शेअरमध्ये होती. २ डिसेंबरला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. इथे रेषा शोधायला भिंग लागत नाही.

भिंग लागतं ते आपल्यासारख्यांना. माझंच सांगते. सुरुवातीच्या काळात मला एका कामासाठी दुसऱ्या विभागातली एक हुशार सहकारी हवी होती. मी तिला म्हटलं, ‘हे काम आलं तेव्हा डोळ्यांसमोर पहिलं नाव तुझंच आलं.’ खरं तर तिच्याआधी दोघांना विचारून झालं होतं. कामाला मंजुरी वर्षअखेरपर्यंतचीच आहे आणि पुढचं अधांतरी आहे, हे मी सांगितलं नाही. तिने विचारलं नाही, मी काढलं नाही. मनाची समजूत घातली की तिला यात शिकायला मिळेल, आणि ते खरंही होतं. तिने तिच्या विभागात येऊ घातलेली जागा सोडली आणि माझ्याकडे आली. आठ महिन्यांत काम बंद झालं. ती भांडली नाही. पण त्यानंतर मी तोंडी काहीही सांगितलं की ती हसून म्हणायची, ‘ईमेल करशील?’ हे पुढे तीन वर्षं चाललं.

तेव्हापासून मी एकच कसोटी वापरते. ज्या दिवशी समोरच्याला सगळं कळेल, म्हणजे मला काय माहीत होतं, माझा काय फायदा होता आणि मी कोणतं वाक्य का निवडलं, त्या दिवशी तो काय म्हणेल? ‘मला तुमचं म्हणणं पटलं नव्हतं’, ‘निर्णय चुकला’ इथपर्यंत ठीक आहे. ‘मला वापरलं’ म्हणेल असं वाटलं, की बोलण्याआधी थांबायचं. ही कसोटी परिपूर्ण नाही. काही माणसं उगाचच दुखावतात आणि काहींना वापरलं गेलं तरी कळत नाही. पण मीटिंगला जाता जाता, जिन्यात उभं राहूनही ती लावता येते, आणि मला तेवढं पुरतं.

यावर नेहमी येणारा आक्षेप: सगळं सांगायचं तर नेतृत्व करायचं कसं? विलीनीकरणाची बोलणी, एखाद्याची वैद्यकीय माहिती, अजून न ठरलेली कपात, हे सांगता येत नाही आणि सांगूही नये. बरोबर आहे. पण ‘याबद्दल मी आत्ता बोलू शकत नाही’ आणि ‘असं काही नाहीये’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याने ऐकणाऱ्याला कळतं की इथे एक खोली आहे आणि तिला कुलूप आहे. तो त्याचे निर्णय ते कुलूप लक्षात घेऊन घेईल. दुसऱ्या वाक्याने खोलीच भिंतीत बुजवली. गप्प राहण्याचा अधिकार नेत्याला असतो, खोटं चित्र उभं करण्याचा नसतो. आणि हो, खरे शब्द वापरूनही खोटं चित्र उभं करता येतं. ‘आजच्या तारखेला कपातीचा कुठलाही निर्णय झालेला नाही’ हे वाक्य ज्यांनी उद्याच्या बैठकीची विषयपत्रिका पाहिली आहे, त्यांनी उच्चारू नये.

दुसरा आक्षेप, उघड केलं तर परिणाम जातो. हा मला पूर्वी खरा वाटायचा. जॉर्ज लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आयुष्याच्या अखेरच्या उपचारांबद्दलच्या अर्जावर एक प्रयोग केला. अर्जात एक पर्याय आधीच निवडलेला असे, आणि काही लोकांना सरळ सांगितलं होतं की हा पर्याय आम्ही मुद्दाम निवडून ठेवलाय, त्याचा तुमच्यावर परिणाम होऊ शकतो, हवं तर बदला. तरीही त्या पर्यायाचा प्रभाव फारसा कमी झाला नाही. क्रिस्टोफर कार्पेंटर यांनी २०१३ मध्ये ४२ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत विनंतीनंतर ‘पण निर्णय तुमचा’ एवढं जोडलं की होकार वाढलेले दिसले. म्हणजे उघडपणाने तुमचं काम अडेलच असं नाही.

पण या दुसऱ्या निष्कर्षात एक मेख आहे आणि ती मला अस्वस्थ करते. ‘निर्णय तुमचा’ म्हटल्याने होकार वाढतात, हे कळलेला नेता हे वाक्य तंत्र म्हणून वापरू लागतो. निर्णय त्यांचा नसतानाही. मग स्वातंत्र्याचं आश्वासन हेच सगळ्यात गुळगुळीत आमिष ठरतं. तुमच्या वरिष्ठांनी सुचवलेली मीटिंग नेमकी हीच आहे.

खोटी सल्लामसलत मला ऑफिसातल्या सगळ्या प्रकारांमध्ये सर्वांत घातक वाटते. ‘आपण कुटुंब आहोत’ हे लोकांना एव्हाना ओळखू येतं. ‘बाकी सगळे तयार आहेत’ असं प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगणंही चहाच्या वेळेत उघडं पडतं. पण निर्णय झालेला असताना ‘तुमचं मत हवंय’ म्हणून लोकांना दोन तास विचार करायला लावणं, फळ्यावर मुद्दे लिहून घेणं आणि हळूच त्यांना ठरलेल्या उत्तराकडे हाकणं, यात त्यांचा विचारच वापरला जातो. ज्या शक्तीने त्यांनी तुम्हाला नाही म्हणायचं, तीच शक्ती तुमच्या कामाला जुंपलेली असते. कळल्यावर ते पुढच्या वेळी खऱ्या सल्लामसलतीतही तोंड उघडत नाहीत. मग तुम्ही माझ्यासारख्या कुणाला तरी बोलावता आणि विचारता, ‘आमची टीम मीटिंगमध्ये काही बोलतच नाही, काय करू?’

आणि वरिष्ठांच्या सल्ल्यामागचा छुपा फायदाही ओळखा. तिसऱ्या महिन्यात कुणी कुरकुर केली तर ‘अहो, ही तर तुमचीच कल्पना होती’ असं म्हणता यावं, यासाठी ती कल्पना त्यांच्या नावावर चढवायची आहे. वरिष्ठ असं मुद्दाम करतायत असं मी म्हणत नाही. बहुधा त्यांना कुणीतरी असंच शिकवलं असेल. त्यांच्याशी एकांतात बोला. नैतिकतेचं व्याख्यान देऊ नका. एवढंच म्हणा की निर्णय आधी झाल्याचं टीमला पहिल्या आठवड्यात कळेल आणि मग पुढचे सहा महिने मला विश्वासाशिवाय काढावे लागतील. त्यांच्याकडून तीन उत्तरं मात्र घेऊन या: सहा महिन्यांनंतर हे वाढू शकतं का, ज्याला खरंच शक्य नाही त्याचं काय, आणि मोबदल्यात काय मिळणार, बदली सुट्टी की आणखी काही. ही उत्तरं हातात नसताना मीटिंग घेऊ नका. एक दिवस पुढे ढकला.

मीटिंगमध्ये ठरलेलं आणि न ठरलेलं वेगळं करा, आणि ठरलेलं आधी सांगा. साधारण असं: ‘पुढचे सहा महिने सुट्टीच्या दिवशीही आपल्याला काम चालू ठेवायचं आहे. हा निर्णय झालाय, तो मी घेतलेला नाही, पण तो राबवण्याची जबाबदारी माझी आहे. कारण असं आहे. मला ते बऱ्याच अंशी पटलंय. एक भाग पटलेला नाही आणि तो मी वर सांगितलाय. याचा त्रास होणार आहे. आळीपाळी कशी लावायची, कुणी कुणाशी बदलून घ्यायचं, दोघांची जोडी की एकटा, हे मात्र काहीच ठरलेलं नाही. ते आपण मिळून ठरवू, आणि जे ठरेल ते मी बदलणार नाही.’ यातलं शेवटचं वाक्य पाळता येणार नसेल तर ते उच्चारू नका. ‘पटलेलं नाही’ हा भाग तुमच्या बाबतीत खरा नसेल तर तोही गाळा. टीमची सहानुभूती मिळवायला स्वतःला विरोधक म्हणून रंगवणं हीदेखील एक टोपीच आहे.

त्याच मीटिंगमध्ये हो-नाही विचारू नका. दोन दिवस द्या. चौदा जणांसमोर ‘मला जमणार नाही’ म्हणणं फार थोड्यांना जमतं आणि गप्प राहण्याला आपण सोयीस्करपणे होकार धरतो. चौदांपैकी एकदोघांच्या घरची अडचण तुम्हाला आत्ताच माहीत असणार. त्यांना हे मीटिंगमध्ये पहिल्यांदा ऐकावं लागू नये. आदल्या दिवशी त्यांच्याशी वेगळं बोला, दार लावून, आणि त्यांनी काही विचारायच्या आत सांगून टाका की नाही म्हटलंत तर काय होईल.